शेवटच्या परिच्छेदाची कादंबरी: ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ उच्च माध्यमिक इंग्रजीला का हवी

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची १९५८ सालची ही कादंबरी अकरावी-बारावीच्या इंग्रजीला लावावी, याला तिचा शेवटचा परिच्छेद एवढं कारणही पुरेसं आहे. पंचवीस प्रकरणं आपण इग्बो लोकांच्या उमुओफिया गावात आणि नायक ओकोन्क्वोच्या आजोळी काढतो. गळफास घेतलेला ओकोन्क्वो झाडाला लटकत असतो आणि कथन एकाएकी ब्रिटिश डिस्ट्रिक्ट कमिशनरच्या डोक्यात शिरतं. साहेब पुस्तक लिहिणार आहेत. त्यात या माणसाला किती जागा द्यावी? अख्खं प्रकरण नको, एखादा बरासा परिच्छेद चालेल. कथा कोण सांगतं यावर काय काय अवलंबून असतं, हे शिकवायला याहून नेमका उतारा सापडणं कठीण.

या परिच्छेदाला एक पूर्ण तासिका द्या. कमिशनरच्या पुस्तकातला तो परिच्छेद विद्यार्थ्यांना १२० शब्दांत लिहायला सांगा. मग त्यातून काय गळलं याची यादी करून घ्या: ओकोन्क्वोच्या घरी राहिलेला मुलगा इकेमेफुना, ओकोन्क्वोची लेक एझिन्मा, सात वर्षांची हद्दपारी, रताळ्यासारख्या ‘याम’ कंदाची शेती. ही यादी करताना ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही.

वीस तासिका धरल्या तर पहिल्या भागाला (प्रकरणं १ ते १३) दहा, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला पाच आणि शेवटच्या परिच्छेदाला ती एक. बहुतेक वेळा गाडी अडते ती पहिल्या भागात. ‘कथानक पुढे सरकत नाही’ म्हणून तो उरकला जातो आणि मिशनरी आले की खरी गोष्ट सुरू झाली असं मुलांना वाटतं. मग उत्तरपत्रिकेत एकच वाक्य येतं: गोरे आले आणि सगळं मोडलं. पण टाकून दिलेली जुळी, शांतता-सप्ताहात बायकोला झालेली मारहाण, इकेमेफुनाचा बळी या भेगा गोरे येण्याआधीच्या आहेत. ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये मिशनऱ्यांच्या नव्या धर्माकडे का ओढला गेला, याचं उत्तर त्याच भेगांत आहे.

सातवं प्रकरण सावकाश वाचा. तीन वर्षं घरात राहिलेला, ओकोन्क्वोला बाप म्हणणारा इकेमेफुना त्याच्याकडे धावत येतो आणि ओकोन्क्वो कोयता चालवतो. त्याचं कारण लेखक एका छोट्या वाक्यात देतो: आपण दुबळे ठरू ही भीती. लगेच आठव्या प्रकरणातला मित्र ओबिएरिकाशी झालेला संवाद घ्या. इकेमेफुनाला मारायला सांगणाऱ्या देववाणीला विरोध न करताही हत्येपासून दूर राहता येतं, ही ओबिएरिकाची भूमिका. वर्गात खरी चर्चा पेटते ती इथे.

भाषा हे दुसरं बळ. वाक्यं आखूड, शब्द बहुतेक ओळखीचे, त्यामुळे इंग्रजीत मागे असलेलं मूलही टिकून राहतं. तरीही म्हणी आणि इग्बो शब्द त्या इंग्रजीला वेगळाच नाद देतात. सुरुवातीलाच शब्दार्थांची यादी पाठ करून घेऊ नका, संदर्भातून अर्थ लागू द्या. अपवाद फक्त ‘ची’चा, म्हणजे प्रत्येकाच्या व्यक्तिगत दैवताचा. चौथ्या प्रकरणात माणूस ‘हो’ म्हणाला की त्याची ची ‘हो’ म्हणते. चौदाव्यात ओकोन्क्वो ‘हो’ म्हणतो आणि ची नकार देते. ही दोन पानं शेजारी ठेवा. ‘ट्रॅजिक हीरो’चं पाठ केलेलं टिपण उतरवण्याआधी विद्यार्थ्याला इथे थांबावंच लागतं.

नावांचा घोळ होतोच. पहिल्याच तासाला ओकोन्क्वोच्या घराचा तक्ता फळ्यावर काढा: बाप उनोका, तीन बायका, न्वोये, एझिन्मा. मारहाण, बालहत्या आणि आत्महत्या येणार आहेत हे वर्गाला आधीच सांगा. पंचविसावं प्रकरण सुट्टीच्या आदल्या दिवशी घेऊ नका, बोलायला दुसरा दिवस हवा.

शीर्षक डब्ल्यू. बी. येट्स यांच्या ‘द सेकंड कमिंग’ या कवितेतलं आहे आणि तिच्या ओळी कादंबरीच्या आरंभी छापलेल्या आहेत. त्या तेराव्या प्रकरणानंतर वाचायला द्या. बंदुकांच्या सलामीत ओकोन्क्वोची बंदूक फुटून एक मुलगा मेलेला असतो, कुटुंब रातोरात गाव सोडून गेलेलं असतं आणि गावात अजून एकही गोरा आलेला नसतो.