पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी: अडकलेलं ट्रान्झॅक्शन पकडायला एकदम भारी

ॲपमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसचा २५पी०२ एरर सारखा यायचा, म्हणजे 'करंट ट्रान्झॅक्शन इज ॲबॉर्टेड' (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र चालणाऱ्या क्वेरींचा गट, आधीच फसलाय), आणि आम्ही जी क्वेरी बोंबलतेय तीच तपासत बसलो, पण चूक तिच्या आधीच्या क्वेरीत होती आणि एक्सेप्शन (एरर) पकडून कोणी रोलबॅकच, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्दच, केला नव्हता. मग पोस्टग्रेसच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या व्ह्यूत, म्हणजे कुठलं कनेक्शन काय करतंय ते दाखवणाऱ्या तक्त्यात, स्टेट कॉलम बघितला, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन ॲबॉर्टेड', लगेच कनेक्शन सापडलं! ट्रान्झॅक्शन कधीपासून उघडंय तेही दिसतं. फक्त क्वेरी कॉलममध्ये शेवटची क्वेरी असते, खरी गुन्हेगार लॉगमध्येच शोधावी लागते. आधी हाच व्ह्यू उघडा, खूप वेळ वाचतो.