इंदूरच्या गच्चीवर थाई युफोर्बिया: दीड वर्ष वापरल्यानंतर

गच्चीवर दिवसभर ऊन असेल, घरात रांगतं मूल नसेल आणि रोज पाणी घालायचा मोह आवरत असेल, तर युफोर्बिया मिली हे काटेरी फुलझाड डोळे झाकून घ्या. यातली एक जरी अट जमणार नसेल तर घेऊ नका, झाडही जाईल आणि मनस्तापही होईल. दीड वर्षानंतर माझं मत एवढं स्पष्ट झालं आहे, आणि झाडावर माझा जीव जडला आहे हेही आधीच सांगते.

आमची रामबागेतली गच्ची पश्चिमेची. वैशाखात दुपारी तिथे अनवाणी पाय टेकवत नाही. गुलाब तिथे टिकले नाहीत, शेवंती तर नाहीच. नर्सरीतून मोठ्या फुलांची थाई जात आणली, गुलाबी आणि फिकट पिवळी अशी दोन रोपं. साध्या लहान पानांच्या लाल जातीपेक्षा ही बरीच महाग पडते, पण फुलाचा आकार बघितला की पैसे वसूल वाटतात. हे झाड मुळात मादागास्करचं. रियुनियन बेटाचे गव्हर्नर मिलियस यांनी १८२१ मध्ये ते फ्रान्सला पोहोचवलं, त्यांचंच नाव त्याला लागलं. मोठ्या फुलांचे संकर मात्र थायलंडमध्ये झाले. तिथे हे भाग्याचं झाड मानतात आणि एका गुच्छात आठ फुलं आली तर ते फार शुभ समजतात.

सगळ्यात मोठा गुण म्हणजे फुलाचा टिकाऊपणा. जास्वंद संध्याकाळी मिटते, इथे एकेक गुच्छ कित्येक आठवडे तसाच राहतो. याचं कारण झाडाच्या रचनेत आहे. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती खरं तर रंगीत झालेली पानं, आणि खरं फूल म्हणजे मधोमध असलेला इवलासा ठिपका. नाताळच्या सुमारास विकायला येणारं लाल पॉइन्सेटिया याच प्रजातीच्या गोतावळ्यातलं, तिथेही हाच प्रकार. मधल्या त्या ठिपक्यात मध असतो, त्यामुळे मधमाश्या आणि मुंग्या दोन्ही येतात.

आता मातीचं, कारण इंदुरात सगळं तिथेच अडतं. माळव्याची काळी माती गव्हाला, हरभऱ्याला सोनं आहे, पण या झाडाला ती मारते. ती पाणी धरून ठेवते, आणि याची मुळं ओलसर राहिली की कुजतात. नर्सरीतून आलेली दोन्ही रोपं अशाच चिकट काळ्या गोळ्यात होती. मी तो गोळा हलक्या हाताने सोडवून काढला आणि मातीच्या कुंडीत नवं मिश्रण भरलं: निम्मी बांधकामाची चाळलेली जाड रेती, थोडे विटांचे तुकडे, बाकी पोयटा आणि मूठभर कंपोस्ट. मूठभरच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर याच शहरात कंपोस्टची जी पद्धत बसवली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, त्यामुळे इथल्या बागप्रेमींचा हात खताला सढळ असतो. या झाडाला तो सढळपणा मानवत नाही. खत जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं रुसतात.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. बांबूची काडी मातीत खोल खुपसायची, कोरडी निघाली तरच पाणी. मे महिन्यात दोन-तीन दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या आमच्या भागात हा मोठाच दिलासा आहे. गावाला जाताना शेजारच्या काकूंना विनंती करावी लागत नाही.

पावसाळा ही खरी परीक्षा. आषाढ-श्रावणात दोन्ही कुंड्या पत्र्याच्या शेडखाली कडेला ठेवते, उजेड मिळेल पण झड लागणार नाही अशा. ओळखीच्या एका घरी हीच जात उघड्यावर राहिली आणि खोड तळापासून मऊ पडलं, मग काही करता आलं नाही. दमट हवेत माझ्या झाडाच्या पानांवरही डाग आले, ती पानं काढून टाकली. पिठ्या ढेकूण एकदा दिसले, साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसल्यावर गेले.

पौषात पारा दहाच्या खाली गेला तेव्हा खालची पानं गळाली. घाबरायचं कारण नाही, पण एक गोष्ट माहीत हवी. गळलेल्या जागी पुन्हा पान फुटत नाही, नवी पानं शेंड्याकडेच येतात. म्हणून झाड खालून उघडं, काटकुळं दिसू लागतं. उपाय छाटणीचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेंडे छाटले की खालून नवे फुटवे येतात आणि झाड भरतं.

छाटणीत मात्र सावध राहा. फांदी कापली की पांढरा चीक वाहतो, आणि तो विषारी आहे. कातडीला आग होते, डोळ्यात गेला तर डोळा सुजून काही काळ धूसर दिसू शकतं. तसं झालं तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. पाळीव कुत्र्या-मांजरांनी फांद्या चावणंही धोक्याचं. मी जाड हातमोजे आणि चष्मा घालते, फांदी सांडशीने धरते, कापलेल्या जागेवर गार पाणी मारून चीक थांबवते. कापलेले शेंडे धुऊन सावलीत काही दिवस सुकू देते, टोकाला खपली धरली की कोरड्या रेतीत लावते. बहुतेक लागतात.

सासूबाईंचं पहिल्या दिवसापासून म्हणणं होतं, “काट्याचं झाड दारात नको गं.” मी ते मानलं, आणि व्यवहारानेही तेच बरोबर आहे. कुंडीतल्या झाडाचे काटे नेमके लहान मुलांच्या तोंडाच्या उंचीवर येतात. देवालाही ही फुलं आम्ही वाहत नाही, देठ तुटला की चीक गळतो. त्यासाठी जास्वंद आणि मोगरा आहेत.

घ्यायचं तर थंडी ओसरल्यावर घ्या. फुलं बघायच्या आधी खोडाचा तळ काडीने दाबून बघा, टणकच हवा. मग कुंडी किंचित हलवा. झाड मुळापासून डगमगलं तर ते नुकतंच खोचलेलं कलम आहे, गुच्छ कितीही मोठा असला तरी दुसरं रोप मागा.