जीएनयू कोबॉल: आठ महिने पिग्मीच्या हिशेबावर वापरून

बेळगावातल्या एका पतसंस्थेचा पिग्मीचा रोजचा हिशेब मी गेले आठ महिने जीएनयू कोबॉलवर, म्हणजे कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेच्या मोफत कंपायलरवर (लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणाऱ्या साधनावर) चालवतोय. आधी तो स्प्रेडशीटवर होता आणि महिनाअखेरीला दोन-चार पैशांचा फरक हमखास निघायचा. 1959 साली आखायला घेतलेली कोबॉल ही भाषा पैसे दशमान पद्धतीनं मोजते. दहा पैसे म्हणजे दहाच पैसे, बायनरीतला जवळपासचा आकडा नाही. व्याजाला राउंडेड (रक्कम जवळच्या पैशावर आणणारा शब्द) लावलं आणि फरक पहिल्याच महिन्यात मिटला.

वेग मात्र मी भलत्याच ठिकाणी शोधत होतो. प्रोसिजर डिव्हिजनमधल्या, म्हणजे काय करायचं ते सांगणाऱ्या भागातल्या ओळी खालीवर करण्यात दोन आठवडे गेले. खरी बचत डेटा डिव्हिजनमध्ये, म्हणजे आकडे कसे साठवायचे ते लिहितात त्या भागात असते. शिल्लक नुसती पिक एस9(9)व्ही99 (चिन्हासह रुपयांचे नऊ आणि पैशांचे दोन अंक) ठेवली तर 11 बाइट लागतात, पुढे कॉम्प-3 (अंक दाटीनं, म्हणजे पॅक्ड साठवायची सूचना) लिहिलं की 6. एका बाइटात दोन अंक आणि चिन्हाला अर्धा बाइट, म्हणून अंकांची संख्या विषम ठेवायची. दहा अंक घेतले तरी सहाच बाइट जातात. मेनफ्रेमचा (मोठ्या बँका वापरतात त्या मोठ्या संगणकाचा) प्रोसेसर असे पॅक्ड आकडे थेट बेरजेला घेतो. माझ्या लॅपटॉपवर तो आधार नाही, पण फाइल लहान होते हे खरं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो फाइल वाचण्यात. आधी प्रत्येक पावतीसाठी खातं इंडेक्स फाइलीत (खातेक्रमांक देऊन थेट नोंद काढता येते अशा फाइलीत) शोधायचो. आता पावत्या खातेक्रमांकानं सॉर्ट करतो आणि दोन्ही फाइली शेजारी-शेजारी एकदाच वाचून काढतो. चहा पिऊन येईपर्यंत चालणारं काम आता एंटरवरचं बोट उचलेपर्यंत होतं.

एक चूक मात्र माझी, आणि ती जिवाला लागली. पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांच्या तक्त्यावर सर्च ऑल ही शोधायची आज्ञा लावली होती. ते तक्ता मधोमध दुभागत शोधतं; तक्ता क्रमानं लावलाय असं आपण लिहून दिलं की ते विश्वास ठेवतं, तपासत नाही. सोडून गेलेल्या एजंटचा 14 नंबर एका मावशींना दिला होता आणि त्यांची नोंद मी तक्त्याच्या तळाला टाकली. एरर काही आली नाही. सकाळी मावशी पावतीपुस्तक घेऊन दारात: "काय ओ, काल पावसात फिरून आणलेलं माझं कलेक्शन कुठं गेलं?" रक्कम सुरक्षित होती, पण त्यांच्या नावावर शून्य दिसत होतं. आता तक्ता भरतानाच आधीच्या कोडपेक्षा पुढचा मोठा आहे का ते बघतो, नसेल तर प्रोग्राम तिथंच थांबतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळा. इथं खातेदारांची नावं मराठीतही असतात, कन्नडमध्येही. यूटीएफ-8 मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) दोन्ही लिपींच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजून. 'ज्योत्स्ना' एवढ्याच नावाला 30 बाइट! पिक एक्स(30) मध्ये, म्हणजे 30 बाइटांच्या रकान्यात, आडनावाला जागाच उरत नाही, आणि लांब नाव चिन्हाच्या मधोमध तुटून चौकोन छापला जातो. मी आता 150 बाइट ठेवतो.

उबंटूवर हे एका कमांडमध्ये बसतं, पैसे पडत नाहीत. जुन्या मांडणीत लिहिणार असाल तर 72व्या रकान्यापुढचं कंपायलर सोडून देतो, हे ध्यानात असू द्या. पुण्या-बेंगळुरूच्या मेनफ्रेम नोकरीसाठी शिकणाऱ्या पोरांनी जेसीएल (मेनफ्रेमला कामं लावून द्यायची भाषा) आणि सीआयसीएस (तिथले व्यवहार लगेच हाताळणारी प्रणाली) वेगळं शिकायला हवं, ते यात नाही. भाषेचा हात बसायला मात्र हे पुरतं. माझ्या भाच्यालाही मी यावरच बसवलंय. सध्या तो मावशींच्या तक्त्याची तपासणी स्वतः लिहून बघतोय.