‘नॉक सेन्सर गेलाय’ म्हणून माझ्याकडून घेतलेले पैसे

पेट्रोल गाडीचा चेक लाइट लागला, पिकअप कमी झाला, ॲव्हरेजही पडलं. हायवेलगतच्या एका गॅरेजात स्कॅनर लावला तर कोड आला पी०३२५. "नॉक सेन्सर गेलाय साहेब," गॅरेजवाला म्हणाला. सेन्सरच्या वायरीचा प्लग, म्हणजे कपलर, काढून त्याने मल्टिमीटर बीपवर (सलग जोड असेल तरच वाजतो तो) ठेवला आणि मला दाखवलं, "बघा, आवाजच येत नाही. डेड आहे."

या दाखवण्यातच लबाडी होती. हा सेन्सर इंजिनातले ठोके, म्हणजे नॉक, ओळखतो. तो म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टने आवळलेला पिझो क्रिस्टल, हादरा बसला की बारीकशी वीज देणारा. बऱ्याच गाड्यांतला धडधाकट सेन्सरही बीपवर गप्पच राहतो. शिवाय पी०३२५ हा कोड सर्किटचा आहे. वायर, कपलर, सेन्सर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), यांतलं काहीही बिघडलेलं असू शकतं.

बिल झालं साडेसहा हजार: नवीन सेन्सर आणि मजुरी. लाइट गेला, कारण त्याने स्कॅनरवरून कोड पुसला होता. थोड्याच दिवसांत परत पेटला. तेव्हा तोच माणूस सांगू लागला, "आता ईसीएमच गेलाय. तीस हजार लागतील. नाही केलं तर इंजिन बसेल." हा धाकही खोटा. सेन्सरचा सिग्नल मिळाला नाही की ईसीएम स्वतःहून टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडतो, इंजिन जपण्यासाठीच. पिकअप मरतो तो त्यामुळे. इंजिनातून ठोके ऐकू येत नसतील, तर दुसरीकडे दाखवण्याइतका वेळ तुमच्याकडे नक्की असतो.

मी गाडी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने टॉर्च मारून सेन्सरचा बोल्ट दाखवला. तेलात थापलेली धूळ जशीच्या तशी! पाना लागलाच नव्हता. नव्या सेन्सरचे पैसे घेतले आणि जुना जागचा हललासुद्धा नाही. माझा संताप झाला तो इथे.

मग त्याने मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरशेजारी ब्लॉकवर पान्याने हलकं ठोकलं. आकडा हलला, म्हणजे सेन्सर जिवंत. बॅटरी सोडवून, सेन्सर आणि ईसीएम दोन्हीकडचे कपलर काढून त्याने मधली वायर तपासली. ती तुटलेली निघाली, उंदराने कुरतडलेली. सिग्नल फार बारीक असतो आणि इग्निशनचा गोंधळ त्यात शिरू नये म्हणून या वायरीवर जाळीचं आवरण असतं. जोड देताना ते आवरणही त्याने नीट जोडून घेतलं. सगळं मिळून आठशे रुपये. लाइट पुन्हा लागलेला नाही.

सेन्सर बदलायचाच असेल तर ही ठोकण्याची चाचणी आणि वायरीची तपासणी समोर उभं राहून करून घ्या, जुना पार्ट हातात मागा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. माझ्या गॅरेजवाल्याने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. बिल आणि त्या बोल्टचा फोटो ठेवून मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.