‘मायस्कूल्स’: न्यूयॉर्कची हायस्कूल प्रवेश सेवा

न्यूयॉर्कची मुलं ‘मायस्कूल्स’ या संकेतस्थळावर हव्या त्या सरकारी हायस्कूलांची आवडीच्या क्रमाने यादी देतात, आणि त्यावरून कुणाला कुठली शाळा ते ठरतं. या सेवेचा कणा भक्कम आहे. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या जुळवणीच्या पद्धतीवर ती चालते. इथे जागा शेवटपर्यंत तात्पुरतीच धरली जाते. त्यामुळे अवघड शाळा पहिली लिहिली म्हणून दुसरीतली संधी जात नाही, आणि शाळांना तुमचा क्रम दिसतही नाही. तरी ‘मिळेल ती’ शाळा वर टाकणारे पालक हकनाक नुकसान करून घेतात. खरी आवड असेल तोच क्रम लावा.

जागांपेक्षा मुलं जास्त असली की सोडत लागते; त्यासाठी प्रत्येक मुलाला एक यादृच्छिक क्रमांक मिळतो, आणि तो जितका लहान तितका चांगला. हा क्रमांक लांबलचक असतो, पण अंदाजाला पहिली दोन अक्षरं पुरतात. संख्या १६ च्या पायाची, म्हणजे ० ते ९ आणि पुढे a ते f अशा सोळा चिन्हांची; दोन अक्षरांत १६ × १६ = २५६ शक्यता. ‘४०’ म्हणजे ४ × १६ = ६४; त्याला २५६ ने भागलं की २५ टक्के. म्हणजे साधारण तीन चतुर्थांश मुलं तुमच्या मागे. हा हिशेब करून देणारं घरात कुणी नसेल, तिथेच समतेचा प्रश्न उभा राहतो. ते मला फार खटकतं.

गुणांची चाळणी लावणाऱ्या शाळांत आधी गुणगट (गुणांनुसार पाडलेले मुलांचे गट) बघतात, मग गटातल्या गटात सोडत. म्हणजे जुळवणी निर्दोष असली तरी प्राधान्याचे नियम विषम असतील, तर निकालही विषमच लागतो.