एकत्र लिहायचं: व्हॉट्सॲपवर की व्हिडिओ कॉलवर?

आमचा सहा जणींचा लेखनगट चोपडा, शहादा, धुळे असा विखुरलेला. दोन्ही पद्धती वर्षभर वापरल्या.

व्हॉट्सॲपवर मजकूर टाकायचा, सवडीनं अभिप्राय घ्यायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत हेच जमतं. लाइट गेली तरी अडत नाही. अहिराणीसाठी तर ही सोय मोलाची. मी संवादात ‘मुलगी’ लिहिलं होतं. शहाद्याच्या ताईंनी ‘आंडेर’ सुचवलं आणि आजीचा आवाज एकदम खरा झाला. पण ‘छान, खूप सुंदर’ आणि फुलांचे इमोजी यांचा पूर इथेच येतो. त्यानं कथा सुधारत नाही.

व्हिडिओ कॉलवर पहाटे साडेपाचला माइक बंद करून पंचवीस मिनिटं सगळ्या लिहितो. मग एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी फक्त कुठे गुंतलो, कुठे अडखळलो एवढंच सांगायचं. रेंजचा त्रास आहे.

अमळनेरला १९५२ आणि २०२४ साली साहित्य संमेलन भरलं. गर्दीत ऐकायला मिळतं, पण कच्चं पान वाचून दाखवायला अशी चार माणसं लागतात.

पहिला खर्डा होत नसेल तर मी कॉलच सांगेन. खर्डा तयार असेल, तर व्हॉट्सॲप.