बुक वन, बुक टू आणि ते ४० तास : युनियनच्या कामाच्या यादीबद्दल

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात वायरमन आहे, आयबीईडब्ल्यूची, म्हणजे इलेक्ट्रिशियनांच्या युनियनची सभासद. अप्रेंटिसशिपची पाच वर्षंही इथेच काढली. ग्रीन कार्डावर आलेली, आयटीआय झालेली आपली मुलं फोन करून हमखास विचारतात, "ताई, युनियनमधून काम मिळायला वशिला लागतो का?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. पगार, पेन्शन यांबद्दल पुन्हा कधीतरी. आज फक्त 'आउट ऑफ वर्क लिस्ट', म्हणजे काम सुटलं की जिच्यात नाव लावायचं ती यादी.

वशिला लागत नाही. नाव कुठल्या गटात आणि कुठल्या तारखेला लागलं, एवढ्यावर नंबर ठरतो. गट चार. पहिल्या गटाला सगळे 'बुक वन' म्हणतात. त्यासाठी धंद्यातला चार वर्षांचा अनुभव, जर्नीमनची (पूर्ण शिकलेल्या कारागिराची) परीक्षा, याच भागात राहणं आणि गेल्या चार वर्षांत किमान एक वर्ष युनियनच्या कराराखाली केलेलं काम, हे सगळं लागतं. अनुभव आणि परीक्षा आहे पण बाकीचं नाही, ते 'बुक टू'. दुसऱ्या राज्यांतून कामासाठी फिरणारे, ज्यांना इथे ट्रॅव्हलर म्हणतात, ते बहुतेक यातच असतात. तिसरा गट याच भागातल्या कमी अनुभवाच्या लोकांचा, आणि धंद्यात एक वर्षापेक्षा जास्त झालेला माणूस चौथ्यात. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलाने बुक वनची आशा धरू नये. अप्रेंटिसची नेमणूक या यादीतून होतच नाही, तिची समिती वेगळी.

कॉन्ट्रॅक्टरची मागणी आली की आधी बुक वनला वरून खाली विचारतात. तिथे कोणी उरलं नाही तरच बुक टू उघडतं. हॉलने, म्हणजे युनियनच्या काम वाटणाऱ्या ऑफिसने, ४८ तासांत माणूस दिला नाही (शनिवार, रविवार आणि सुट्ट्या सोडून), तर कॉन्ट्रॅक्टर बाहेरून तात्पुरता माणूस घेऊ शकतो, त्यामुळे यादीतून माणसं पाठवणाऱ्या डिस्पॅचरलाही हातावर हात ठेवून बसता येत नाही. युनियनचा सभासद आहे की नाही यावर नंबर ठरवायचा नाही, हे करारात स्पष्ट लिहिलंय. ही सगळी नियमावली हॉलच्या फळ्यावर लावलेली असते, लावावीच लागते. अन्याय झाला असं वाटलं तर अपील समिती आहे: एक माणूस युनियनचा, एक मालकांचा आणि तिसरा दोघांनी मिळून नेमलेला बाहेरचा. पाच किंवा जास्त जर्नीमन असलेल्या कामावर दर पाचवा माणूस, उपलब्ध असेल तर, पन्नाशीचा किंवा पुढचा असावा, असंही कलम आहे. गुडघे गेलेल्या माणसाला कोणी मुद्दाम बोलावत नाही, म्हणून हे कलम मला फार मोलाचं वाटतं.

माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. १९६९चा माथाडी कायदा येण्याआधी काम कसं मिळायचं ते मोठे काका सांगायचे: मुकादम बोट दाखवेल त्याला. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावरही १९३४पर्यंत तेच होतं. पहाटे फेरी बिल्डिंगसमोर माणसं उभी राहायची आणि गँगचा बॉस निवडायचा. त्या वर्षीच्या संपात ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. ऑक्टोबरच्या निवाड्यात हायरिंग हॉल मिळाला: चालवायचा मालक आणि युनियनने मिळून, पण डिस्पॅचर युनियनने निवडलेला. फळ्यावर आपला नंबर वाचता येणं ही एवढी किंमत मोजून मिळालेली गोष्ट आहे.

तरी आमच्या यादीला पाचपैकी साडेतीनच तारे देतेय.

पहिलं कारण ४० तास. कामावर गेलात आणि तुमची काही चूक नसताना ४० तासांच्या आत काम संपलं, तर यादीतली जुनी जागा परत मिळते. एक तास जरी जास्त झाला तरी नव्या तारखेने तळाशी. मला एका कॉन्ट्रॅक्टरने पूर्ण आठवडा वापरून सोमवारी दुपारी लेऑफची चिठ्ठी दिली. ४४ तास. त्या चार तासांनी माझा नंबर बुक वनच्या शेवटी गेला. आठ महिने डेटा सेंटरवर ओव्हरटाइम करून आलेला माणूस आणि मी, त्या आठवड्यात एकाच ओळीत, एकामागे एक. आमचा आरोग्य विमा केलेल्या तासांवर चालतो, त्यामुळे त्याच्या आणि माझ्या घरातला फरक फार मोठा होता.

धक्क्यावरच्या कामगारांनी हेच ओळखलं होतं. त्यांच्या हॉलमध्ये 'लो मॅन आउट' अशी रीत बसली: ज्याचे तास सगळ्यात कमी, तो सगळ्यात आधी कामावर. तारीख नाही, तास. मिळालेलं काम सगळ्यांत वाटलं जातं आणि दोन दिवसांच्या कामाला कोणी घाबरत नाही. आमच्याकडे लहान काम आलं की वरचे लोक नकोच म्हणतात, मोठ्याची वाट बघतात. त्यांना दोष कसा देणार? यादीच तसं करायला लावते.

दुसरं कारण फोरमन. कॉन्ट्रॅक्टर फोरमनला नावाने मागू शकतो, मग यादीत त्याचा नंबर कितीही खाली असो. चार-पाच माणसांच्या कामावर 'फोरमन' म्हणून नाव आलं की यादीवरची माणसं एकमेकांकडे बघतात. शिवाय हॉलने पाठवलेला कोणीही माणूस नाकारायचा हक्क मालकाला आहेच.

नव्या माणसांनी दोन गोष्टी सांभाळा. आमच्याकडे दर ३० दिवसांनी नाव पुन्हा सही करून ताजं करावं लागतं. चुकलं की नाव गळतं, आणि तिथे कोणाचीही विनवणी चालत नाही. आणि कॅलिफोर्नियाचं इलेक्ट्रिशियनचं सरकारी कार्ड मुदतीत ठेवा.

४० तासांचं कलम सभेत हात वर करून बदलत नाही. ते कराराचा भाग आहे, मालकांच्या संघटनेशी, नेकाशी, बोलणी करूनच बदलतं. म्हणून वाटाघाटींआधी सूचना मागवतात तेव्हा मी लेखी दिलंय: आधी ४० तासांचे ८० करा, आणि त्यानंतर तासांवर यादी लावायचा विचार करा. आमच्या लोकलमधल्या, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेतल्या मराठी मंडळींनी, विशेषतः सध्या कामावर असलेल्यांनी, या महिन्याच्या सभेला यावं. यादीवर बसलेले आम्ही येतोच.